नावं काढली, फोन नंबर काढले. आता डेटा खुला करायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. एका दुर्मिळ आजारासोबत जगणाऱ्या सुमारे ४०० जणांकडून तुम्ही प्रश्नावली भरून घेतली आहे. तिच्यात वय, लिंग, जिल्हा, व्यवसाय, निदानाची तारीख, उत्पन्न, नैराश्याची लक्षणं आणि आत्महत्येचे विचार इतकं सगळं आहे. त्यांतल्या ३० जणांच्या दीर्घ मुलाखतीही आहेत. शोधनिबंध छापणारं जर्नल म्हणतं डेटा खुला करा. नैतिकता समिती म्हणते एकही फाइल बाहेर जाता कामा नये. संगणक विभाग म्हणतो सगळं एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या ड्राइव्हवर ठेवा, काळजी मिटली. तुम्ही नावं, पत्ते, फोन नंबर काढून टाकले आहेत आणि विचारता आहात की फाइल अपलोड करावी, की ‘मागणी केल्यास डेटा उपलब्ध’ असं लिहून मोकळं व्हावं?

फाइल आहे तशी अपलोड करू नका. ‘मागणी केल्यास’ लिहून मोकळेही होऊ नका. तिसरा मार्ग आहे आणि तुमच्या आकाराच्या अभ्यासाला तो झेपण्यासारखा आहे. संशोधनाचा डेटा जपणं आणि तो योग्य माणसांपर्यंत पोहोचवणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. तुमच्यासारखे तीन दिशांनी ओढले जाणारे संशोधक माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला सल्ला देणारे तिघेही चुकीचं बोलत नाहीत. पण तिघे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. संगणक विभाग सुरक्षेबद्दल बोलतो: ज्याला अधिकार नाही तो आत शिरू नये. नैतिकता समिती खासगीपणाबद्दल बोलते: ज्याला अधिकार आहे त्यालाही एखाद्या सहभागी व्यक्तीबद्दल नको ते कळू नये. जर्नल पडताळणीबद्दल बोलतं: तुमचा निष्कर्ष दुसऱ्या कोणाला तपासता आला पाहिजे. एन्क्रिप्शनने पहिला प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. दुसऱ्याला ते हातही लावत नाही. ज्या संशोधकाला तुम्ही स्वतः फाइल आणि पासवर्ड दिला, त्याच्या पडद्यावर सगळं उघडंच असतं. म्हणून ‘आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ हे उत्तर ऐकलं की मी लगेच विचारते, उघडल्यावर काय दिसतं?

तर आधी तेच पाहू. नावं काढली म्हणजे माणूस ओळखू येत नाही, ही समजूत १९९० च्या दशकातच मोडीत निघाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी नावं-पत्ते काढून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व टपाल विभागाचा क्रमांक या तीनच गोष्टी दोन्ही याद्यांत जुळवून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख त्या शहरात सहा जणांची होती, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या टपाल विभागात राहणारा एकच. गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी अशा उघड झाल्या. एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात, असा स्वीनी यांचा अंदाज होता. नंतरच्या एका अभ्यासात तो आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. कमी धरला तरी निम्म्याहून बराच जास्त आहे.

तुमची परिस्थिती यापेक्षा अवघड आहे, कारण आजारच दुर्मिळ आहे. एखाद्या जिल्ह्यात हा आजार असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांत ‘शिक्षिका, वय ४७, निदान मार्च २०१९’ अशी ओळ असेल, तर तिचं नाव कळायला मतदारयादीसुद्धा लागत नाही. आणि ही ओळ शोधणारा बहुतेक वेळा कोणी हॅकर नसतो. तो सहकारी असतो, शेजारी असतो, वेगळा राहणारा नवरा असतो, विमा नाकारायचं कारण शोधणारा कोणीतरी असतो. त्या बाईंनी अभ्यासात भाग घेतला हे त्याला आधीच ठाऊक असतं. त्याला फक्त त्यांनी आत्महत्येच्या विचारांच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं एवढंच पाहायचं असतं. मी कोणतीही फाइल तपासते तेव्हा याच माणसाच्या खुर्चीत बसून तपासते.

ही तपासणी कशी करायची ते सांगते, कारण इथे बरेच जण अंदाजावर जातात. बाहेरच्या माणसाला सहज माहीत असू शकतील असे रकाने आधी वेगळे काढा: वय, लिंग, जिल्हा, व्यवसाय, निदानाचं वर्ष. या रकान्यांची प्रत्येक जुळणी किती ओळींत येते ते मोजा. ४०० ओळींत पाच रकाने धरले, तर बहुतेक ओळी एकट्याच उरतील. ते पाहूनच पुष्कळ संशोधक गप्प होतात. मग रकाने ढोबळ करायला लागा. वयाऐवजी दहा वर्षांचा गट, जिल्ह्याऐवजी मोठा विभाग, व्यवसायाऐवजी ‘पगारी, स्वयंरोजगार, बेरोजगार’. प्रत्येक जुळणीत निदान पाच जण येईपर्यंत हे करायचं, असा एक सर्वसाधारण पायंडा आहे. पाच या आकड्यात जादू काहीच नाही. विषय नाजूक असेल तर मी दहा मागते.

पण एवढ्यावर थांबू नका. समजा एका गटात सहा जण आहेत आणि सहाही जणांनी आत्महत्येच्या विचारांना ‘हो’ म्हटलं आहे. आता कोणती ओळ कोणाची हे कळलं नाही तरी त्या गटातल्या प्रत्येकाचं गुपित फुटलंच. म्हणून गटाचा आकार पाहिला की लगेच त्या गटातली नाजूक उत्तरं वेगवेगळी आहेत का हेही पाहायचं. ही दुसरी पायरी अनुभवी लोकांच्या हातूनही सुटते.

काय ढोबळ करायचं ते मात्र तुमच्या संशोधनाच्या प्रश्नावर अवलंबून आहे आणि ते बाहेरून मला ठरवता येणार नाही. निदानाला उशीर झाल्याने नैराश्य वाढतं का, हा तुमचा प्रश्न असेल तर तारखा पुसून टाकल्यावर फाइल निरुपयोगी होईल. पण तुम्हाला खरोखर तारखा हव्या आहेत की तारखांमधलं अंतर? बहुतेक वेळा अंतर पुरतं. मग ‘पहिलं लक्षण ते निदान: १४ महिने’ असा रकाना ठेवा आणि मूळ तारखा काढून टाका. किंवा प्रत्येक व्यक्तीच्या सगळ्या तारखा तिच्यापुरत्या एकाच, पण यादृच्छिक संख्येने पुढे-मागे सरकवा. क्रम आणि अंतर दोन्ही शाबूत राहतात. जिल्ह्याचा परिणाम हाच विषय असेल, तर जिल्हा ठेवा आणि व्यवसाय व वय जास्त ढोबळ करा. सगळंच बारीक ठेवून सगळंच सुरक्षित, असं होत नाही. कुठे तरी सोडावं लागतं आणि काय सोडलं ते कोडबुकात, म्हणजे प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणाऱ्या यादीत, लिहावं लागतं.

ओळख लपवण्यासाठी फोन नंबर किंवा ओळखपत्राचा क्रमांक ‘हॅश’ करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्याची अगम्य अक्षरं करून, सांकेतिक क्रमांक बनवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये बाहेर आला तेव्हा गाड्यांचे परवाना क्रमांक असेच हॅश केलेले होते. पण त्या क्रमांकांचे शक्य नमुने मोजकेच असल्याने कोणीतरी सगळ्यांचे हॅश काढून ठेवले आणि उलट जुळवून मूळ क्रमांक मिळवले. फोन नंबरचंही तेच होतं. सांकेतिक क्रमांक यादृच्छिक द्या. कोणता क्रमांक कोणाचा ही किल्ली वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवा. युरोपच्या डेटा संरक्षण नियमांत तर, अशी किल्ली जोवर अस्तित्वात आहे आणि तिच्या आधारे माणूस पुन्हा ओळखता येतो, तोवर किल्ली हाताशी असणाऱ्यासाठी तरी तो डेटा ‘व्यक्तिगत’च धरला जातो, निनावी नाही. तुमच्याकडचा कायदा वेगळं म्हणत असेल, तो जरूर पाहा. पण ही विभागणी विचार करायला उपयोगी आहे.

मुलाखतींचं प्रकरण पूर्ण निराळं. तिथे रकाने नसतात, त्यामुळे काय काढायचं हे यंत्राला धड कळत नाही. २००६ मध्ये एओएल कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर केलेले शोध, नावांच्या जागी आकडे घालून, संशोधनासाठी खुले केले. काही दिवसांतच वार्ताहरांनी एका आकड्यामागची वयस्क बाई नुसत्या तिच्या शोधांवरून हुडकून तिच्या दारात जाऊन गाठली. माणूस स्वतःबद्दल बोलू लागला की असे धागे सुटतच राहतात: भावाचा अपघात, गावात पहिल्यांदा झालेली शस्त्रक्रिया, नोकरी सोडण्याचं कारण. शिवाय मुलाखतीत इतर माणसंही येतात. डॉक्टर, सासू, मुलगी. त्यांनी कुठल्याच संमतीपत्रावर सही केलेली नाही.

माझा आग्रह असा: शब्द काळ्या पट्टीने झाकू नका, बदला. ‘मोठी बहीण’, ‘जवळचं मोठं शहर’, ‘खासगी रुग्णालय’ असे शब्द चौकोनी कंसात घाला, म्हणजे वाचणाऱ्याला अर्थ लागतो. सगळ्या मुलाखतींत एकाच पद्धतीने बदला. एकाने बदलल्यावर दुसऱ्याने, शक्यतो त्या समाजाला आतून ओळखणाऱ्याने, वाचावं. कारण कोणता तपशील ओळख देतो हे त्यालाच कळतं. ध्वनिमुद्रण मात्र कोणालाही देऊ नका, आवाज ही ओळखच आहे. आणि एवढं करूनही, आजार इतका दुर्मिळ असताना, संपूर्ण मुलाखती मी खुल्या करणार नाही. लेखात वापरलेले उतारे, संकेतांची (उताऱ्यांना विषयानुसार दिलेल्या खुणांची) यादी आणि कोणत्या संकेताखाली किती उतारे आले त्याचा तक्ता, एवढं देईन.

इथपर्यंत वाचून नैतिकता समिती बरोबर आहे, सगळं कुलूपबंद ठेवू या, असं वाटेल. माझं मत तसं नाही. कुलपाचंही नुकसान असतं, ते फक्त लगेच दिसत नाही. २०२० च्या मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये, कोविडवर वापरल्या जात असलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक मोठा लेख आला. त्यात ६७१ रुग्णालयांतल्या ९६,००० रुग्णांचा डेटा असल्याचा दावा होता. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग काही काळ थांबवलासुद्धा. शंका आल्यावर स्वतंत्र तपासनिसांनी मूळ डेटा मागितला, तेव्हा तो पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने ग्राहकांशी असलेले करार आणि गोपनीयता यांचं कारण देऊन नकार दिला. लेख दोन आठवड्यांच्या आत मागे घ्यावा लागला. गोपनीयतेचं नाव घेऊन तपासणी टाळता येते हे यातून जगाला दिसलं. तुमच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही. पण वाचकाला तुमचा हेतू दिसत नाही, त्याला पडताळणीची वाट दिसायला हवी.

शिवाय त्या ४०० जणांनी वेळ दिला, नको त्या आठवणी पुन्हा उकरल्या, त्या कशासाठी? आपल्यासारख्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून. दुर्मिळ आजारात पुरेशी संख्या जमवणं हेच सर्वांत कठीण असतं. तुमचे ४०० दुसऱ्या कोणाच्या ३०० सोबत पाहता आले, तर एकट्या अभ्यासातून न दिसणारी गोष्ट दिसू शकते. ते दार बंद केलं तर पुढचा संशोधक याच माणसांकडे पुन्हा तीच प्रश्नावली घेऊन जाईल.

‘मागणी केल्यास उपलब्ध’ हे वाक्य या दोन्ही गरजा भागवतं असं वाटतं, प्रत्यक्षात ते क्वचित पाळलं जातं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, डेटा द्यायला तयार असल्याचं छापील लिहून देणाऱ्या १,७९२ लेखांच्या लेखकांना खरोखर डेटा मागितला गेला. ज्यांनी दिला त्यांचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आत होतं. सगळे लबाड होते असं नाही. ईमेल बदलतो, विद्यार्थी निघून जातो, फाइल कोणत्या लॅपटॉपवर होती ते आठवत नाही. आणि द्यायचा की नाही हे एकट्या मुख्य संशोधकाने ठरवायचं असेल, तर टीका करू पाहणाऱ्याला नकार मिळण्याची शक्यता जास्त, हेही मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

म्हणून ‘खुला की बंद’ हा प्रश्नच मी बाजूला ठेवते. कोणाला, कशासाठी, किती आणि कुठे बसून, असं विचारते. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात फेलिक्स रिची यांनी २००३ च्या सुमारास याची एक चौकट मांडली, ती आज अनेक देशांत वापरतात. ती पाच प्रश्न विचारते. काम योग्य आहे का, माणूस भरवशाचा आणि प्रशिक्षित आहे का, तो कुठे बसून काम करणार, डेटा किती ढोबळ केला आहे, आणि बाहेर जाणारा निकाल कोणी तपासला का? तिचं खरं मोल असं की पाचही बाजू सारख्या घट्ट आवळाव्या लागत नाहीत. कोणीही उतरवून घेऊ शकेल अशी फाइल असेल, तर माणूस आणि जागा यांवर तुमचा ताबा शून्य. मग सगळा भार डेटा ढोबळ करण्यावर येतो. उलट डेटा बारीक ठेवायचा असेल, तर माणूस, जागा आणि निकाल या तिन्हींवर लक्ष हवं.

यातलं ‘कुठे बसून’ हे अंग गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त बदललं आहे. इंग्लंडमध्ये कोविडच्या काळात ओपनसेफली नावाची व्यवस्था उभी राहिली. संशोधकाला रुग्णांच्या नोंदी दिसतच नाहीत. तो बनावट नोंदींवर आपला कोड, म्हणजे विश्लेषणाच्या संगणकी सूचना, लिहितो, तो कोड खऱ्या नोंदी जिथे आहेत तिथे जाऊन चालतो आणि तपासलेले तक्ते तेवढे बाहेर येतात. कोणी कोणता कोड चालवला हे सार्वजनिक राहतं. कोविडच्या मृत्यूंवरच्या त्यांच्या २०२० च्या अभ्यासात १.७ कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदी वापरल्या गेल्या, आणि त्यासाठी कोणाच्याही हाती फाइल द्यावी लागली नाही. उपलब्धता वाढवली की खासगीपणा घटतोच, हे गृहीतक इथे टिकत नाही.

तुमच्याकडे तसली यंत्रणा नाही, पण तत्त्व लहान प्रमाणातही चालतं. रकान्यांची नावं आणि मांडणी खऱ्यासारखी, पण प्रत्येक रकान्यातली उत्तरं स्वतंत्रपणे यादृच्छिक भरलेली, अशी एक नमुना फाइल बनवा आणि ती खुली ठेवा. ज्याला तुमचा निष्कर्ष पडताळायचा आहे तो तिच्यावर कोड लिहून पाठवेल, तुमच्या संस्थेतला कोणीतरी तो खऱ्या फाइलवर चालवेल, निकाल तपासेल आणि परत पाठवेल. वर्षाला चार-दोन मागण्या येणाऱ्या अभ्यासासाठी हे पुरतं. खऱ्या डेटातले परस्परसंबंध उतरवणारा ‘कृत्रिम’ डेटा बनवायची साधनंही आहेत, पण ४०० दुर्मिळ रुग्णांसाठी मी ती सुचवणार नाही. टोकाची उदाहरणं त्या नकलेतही जवळपास जशीच्या तशी उतरू शकतात. डिफरन्शियल प्रायव्हसी नावाची पद्धतही कोणी सुचवेल. आकड्यांत मोजूनमापून गोंगाट, म्हणजे मुद्दाम थोडी यादृच्छिक चूक, मिसळण्याची ती पद्धत अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत वापरली गेली. इतक्या लहान अभ्यासात तो गोंगाट निष्कर्षच गिळून टाकेल.

निकाल तपासणं म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगते, कारण तक्ते निरुपद्रवी वाटतात. एका तक्त्यात लिहिलं, ‘पूर्व विभागात २३ जण, त्यांपैकी ९ जणांना आत्महत्येचे विचार’. दुसऱ्या तक्त्यात तोच विभाग, पण सेवानिवृत्त वगळून: २२ जण, त्यांपैकी ८. वजाबाकी करा, त्या विभागातल्या एकमेव सेवानिवृत्त व्यक्तीचं उत्तर हाती आलं. दोन्ही तक्ते स्वतंत्रपणे निर्दोष होते. म्हणून लहान आकडे झाकायचे, आणि पूर्वी काय बाहेर दिलं त्याची नोंद ठेवून नवा तक्ता तिच्याशी ताडून पाहायचा. जनुकीय संशोधनात हा धडा २००८ मध्ये मिळाला. एखाद्याचा डीएनए हाती असेल तर नुसत्या एकत्रित आकडेवारीवरूनही तो त्या अभ्यासात होता की नाही हे सांगता येतं, असं दाखवलं गेलं, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशी आकडेवारी खुल्या संकेतस्थळावरून काढून घेतली. पुढे २०१८ मध्ये, प्रत्यक्ष धोका आणि फायदा पुन्हा तोलून, नाजूक विषय वगळता बाकीची पुन्हा खुली केली. एकदा घेतलेला निर्णय असा पुन्हा तपासावा लागतो, दोन्ही दिशांनी.

आता तो मुद्दा, ज्यावर बाकी सगळं उभं आहे: संमतीपत्रात तुम्ही काय वचन दिलं? ‘तुमची माहिती फक्त संशोधन गटच पाहील’ असं लिहिलं असेल, तर जर्नलचा नियम त्या वचनाच्या वर नाही. तेव्हाही वर सांगितलेली कोड चालवण्याची वाट बहुधा उरते, कारण डेटा गटाबाहेर जात नाही. पण तिला नैतिकता समितीची लेखी मान्यता घ्या. ‘निनावी करून इतर संशोधकांना देता येईल’ असं असेल तर जागा जास्त आहे. काहीच लिहिलं नसेल, तर सहभागी व्यक्तींकडे पुन्हा संमती मागायची का हा प्रश्न येतो. तो सहज सोडवू नका. आजारपणाच्या अवघड काळातल्या माणसाला तीन वर्षांनी पत्र पाठवणं हाही त्रास असू शकतो, आणि पत्र घरात दुसऱ्याच कोणी उघडलं तर गुपित तिथेच फुटतं.

व्यक्ती ओळखली गेली नाही तरी समूहाचं नुकसान होऊ शकतं, हेही समितीसमोर मांडा. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्ताचे नमुने दिले होते. तेच पुढे स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले गेले. कोणाचं नाव फुटलं नव्हतं. तरी जमातीला तो विश्वासघात वाटला, खटला झाला, आणि २०१० मध्ये अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थापनाला तडजोड करून नमुने परत द्यावे लागले. तुमच्या आजाराच्या रुग्णांची एखादी संघटना असेल, तर मागण्यांवर निर्णय घेणाऱ्या समितीत त्यांचा एक माणूस घ्या. शोभेसाठी नव्हे, मताच्या अधिकारासह.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर इतरांनी बरंच लिहिलं आहे. डेटा फुटण्याच्या घटना मी जितक्या जवळून पाहिल्या, त्यांत एन्क्रिप्शन तोडलेलं क्वचितच होतं. चुकीच्या माणसाला गेलेला ईमेल, गट सोडून गेलेल्याचं चालू राहिलेलं खातं, ‘फक्त आजच्यापुरती’ पेनड्राइव्हवर घेतलेली प्रत, हेच पुन्हा पुन्हा दिसतं. एक्सेलपासून विशेष जपा. नॉर्दर्न आयर्लंडच्या पोलिसांनी २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये एक लपवलेली शीट राहून गेली, आणि सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांची आडनावं व नेमणुका जगजाहीर झाल्या. बाहेर देण्याची फाइल साध्या सीएसव्ही स्वरूपात (नुसता मजकूर, लपवलेल्या शीटना जागाच नाही) नव्याने तयार करा, आणि ती तयार करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी उघडून पाहा.

तुमच्या जागी मी कामं या क्रमाने करेन. आधी संमतीपत्रातलं वाक्य काढून समोर ठेवेन. मग ती जुळण्यांची मोजणी करून तिचा निकाल नैतिकता समितीला दाखवेन. भीतीपेक्षा आकड्यांवर चर्चा सोपी जाते आणि सरसकट नकार बहुधा सैल होतो. प्रश्नावली, कोडबुक, विश्लेषणाचा पूर्ण कोड, तपासलेले तक्ते आणि नमुना फाइल हे सगळं कायमस्वरूपी ओळखक्रमांक देणाऱ्या भांडारात खुलं ठेवेन. संमतीपत्र परवानगी देत असेल, तर ढोबळ केलेली ४०० ओळींची फाइल करारावर देईन: पुन्हा ओळख पटवण्याचा प्रयत्न करणार नाही, पुढे कोणाला देणार नाही, काम संपलं की पुसून टाकेन, अशा अटींवर. बारीक फाइल कुठेही जाणार नाही, तिच्यावर फक्त कोड चालेल. मुलाखतींचं वर सांगितलंच. मागणीवर निर्णय तुम्ही एकट्याने न घेता तिघा-चौघांच्या समितीने घ्यावा, त्यांत निदान एक जण गटाबाहेरचा असावा, आणि ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं. पत्ता संस्थेच्या सामाईक ईमेलचा द्या, तुमचा नको. तुम्ही नोकरी बदलाल, अभ्यास तिथेच राहील.

हे सगळं जर्नलला चार ओळींत लिहून कळवा: काय खुलं आहे, काय करारावर आहे, काय बाहेर जाणार नाही आणि का, मागणी कुठे करायची, उत्तर किती दिवसांत मिळेल. नाजूक डेटासाठी अशी मांडणी बहुतेक जर्नलं स्वीकारतात. कारण न देता नुसतं ‘देता येत नाही’ लिहिलं की अडतात.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती आणि तिच्यामुळे माझ्या उत्तरातला बराच भाग बदलू शकतो: संमतीपत्रात डेटा ठराविक मुदतीनंतर नष्ट करू असं लिहिलं आहे का? अनेक जुन्या नमुन्यांत ते वाक्य सवयीने येतं. असेल तर मुदत किती आणि नष्ट करायचं ते नेमकं काय, नावांची किल्ली की सगळीच फाइल, हे वाक्य जसंच्या तसं इथे द्या. त्यावरून पुढचं सांगते.